आहे ते आधी

पायांखालचं पाणी

बऱ्हाणपुरात निसर्ग पाहायचा, तर मान वर करण्याआधी पायांखालून काय वाहतं ते ठाऊक हवं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या उतारावर आपलं शहर. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून नदीकडे सरकत असतं. ते वाटेतच गाठायचं आणि बोगद्यांतून वस्तीत आणायचं, ही योजना १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत उभी राहिली. आखणी तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराची. पाण्याचे एकूण आठ भंडारे झाले. त्यांतला लालबागेजवळचा कुंडी भंडारा, ज्याला लोक खूनी भंडाराही म्हणतात, आजही वाहतो. शंभरावर कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, रांगेनं खोदलेल्या, तळाशी एकमेकींना बोगद्यानं जोडलेल्या. पाणी केवळ उतारानं चालत येतं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. मार्च २०२४ मध्ये हे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं.

शहरातला निसर्ग म्हणजे बाग आणि कुंड्यांमधली फुलझाडं, असं आपण धरून चालतो. पण या गावाचा पहिला निसर्ग म्हणजे हा उतार आणि त्याच्या पोटातलं पाणी. गल्लीतला कडुनिंब, मशिदीच्या आवारातली चिंच, घाटावरचा पिंपळ ही सगळी त्याच उतारावर मुळं रोवून उभी आहेत.

साफ करणारे हात

कुंडी भंडाऱ्यात लोखंडी पाळण्यातून खाली उतरलं की भिंतींवर पांढरे थर दिसतात. पाण्यातला चुना चारशे वर्षं हळूहळू बसत आला आहे. पाहायला सुंदर वाटतो, पण तो साचत गेला की वाट अरुंद होते. वरच्या अंगाला ट्यूबवेल वाढल्या की तेच पाणी वरच्यावर उपसलं जातं. कुंडीच्या तोंडाशी कचरा पडला की तो थेट पिण्याच्या प्रवाहात जातो.

इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. त्यांतल्या अकरा कनात २०१६ मध्ये जागतिक वारसा झाल्या. तिथे कनात खोदणाऱ्या आणि साफ करणाऱ्या कारागिरांना मुकन्नी म्हणतात, आणि हे काम बापाकडून मुलाकडे येत राहिलं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, नहर-ए-अंबरी मलिक अंबरनं त्याच काळात आणली. या सगळ्या ठिकाणी बांधणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं. गाळ काढणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. पाणी मात्र त्यांच्यामुळेच चालू राहिलं.

लालबागेतले एक चाचा पोरांना दटावताना नेहमी एकच वाक्य बोलतात, ‘‘इधर कुछ मत फेंको बेटा, नीचे पानी है.’’ टिपणांच्या वहीत पहिल्यांदा हेच लिहून ठेवावं असं वाटलं. निसर्गाची काळजी म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

दोन दोरे, एक वड

आमच्या भागातल्या वडाला वर्षात दोनदा सूत गुंडाळलं जातं. हिंदीभाषक घरांतल्या बायका वटसावित्रीचं व्रत अमावास्येला करतात. मराठी घरांतल्या बायका पंधरा दिवसांनी, ज्येष्ठ पौर्णिमेला येतात. कुणी गुजर, कुणी लेवा पाटील, कुणी राजस्थानातून आलेल्या घरातली. अमावास्येचं सूत अजून खोडावर असतं, त्यावरच पौर्णिमेचं चढतं. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावात राहण्याचा हा मोठा आनंद आहे, की एकाच झाडाला दोन पंचांगं सांभाळतात.

या वडाभोवती पूजेच्या निमित्तानं कायम जागा मोकळी राहिली. रस्ता रुंद झाला, दुकानं आली, तरी पाराला कुणी हात लावला नाही. श्रद्धेनं झाड वाचतं, हे खरं आहे. एवढंच पाहायचं की सूत कापसाचं असावं. नायलॉनचा दोरा कुजत नाही, आणि खोड जाड होत जातं तसा तो सालीत रुततो. गावात लूम आहेत, कापसाच्या सुताला इथे तोटा नाही. आणि पूजेनंतर तिथेच राहिलेली प्लास्टिकची पुडी, अगरबत्तीचं पाकीट घरी परत न्यायचं, एवढं मावशींना सांगितलं की त्या ऐकतात. सांगणारं कुणीतरी हवं.

हरियाल

फळं पिकली की त्याच वडावर हरियाल येतात. पिवळ्या पायांची हिरवी कबुतरं. थवा झाडात शिरला की दिसेनासा होतो. पानांतून फळं पडताना दिसतात तेव्हा कळतं की वर कुणीतरी जेवतंय. हा पक्षी क्वचितच जमिनीवर उतरतो. त्याचं जगणं झाडाच्या वरच्या मजल्यावर, आणि तेही वड, पिंपळ, उंबर असल्या मोठ्या झाडांवर.

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, आणि वड हा मध्य प्रदेशाचा राज्यवृक्ष. महाराष्ट्रातल्या रावेरपासून इथपर्यंत त्या थव्याला सीमा लागत नाही. पण एक वड तुटला की दोन्ही राज्यांचं काहीतरी जातं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ढोली

नदीकडच्या एका जुन्या झाडात राखी धनेशाची जोडी येते. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट उरते. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. उंबराची फळं, किडे, कधी सरडा. नर मेला तर आतल्यांचं अवघड होतं.

यात झाडाचं वय महत्त्वाचं. ढोली तरण्या झाडाला नसते. फांदी मोडते, तिथे पाणी झिरपतं, बुरशी धरते, सुतारपक्षी चोच मारतो, आणि बऱ्याच वर्षांनी आत पोकळी होते. मग तिथे धनेश, पोपट, पिंगळा, साळुंकी पाळीपाळीनं राहतात. म्हणून एक म्हातारं झाड तोडून दहा रोपं लावली तर हिशेब बरोबर होत नाही. दहा रोपांत मिळून एकही ढोली नसते. आज लावलेलं रोप धनेशाच्या उपयोगी पडायला आपली हयात जावी लागते. तोवर धनेशानं कुठे जायचं?

वाळलेली फांदी माणसाच्या अंगावर पडण्याची भीती असेल तर तेवढी फांदी काढावी. ‘झाड पोकळ झालंय’ म्हणून सबंध झाड तोडायची घाई नको. पोकळ झाड जिवंत असतं. लाकडाचा आतला गाभा गेला तरी बाहेरच्या थरातून त्याचा रस वर चढत राहतो.

पिंगळा आणि त्याचा दुर्मीळ भाऊबंद

गल्लीत दिवेलागणीला तारेवर येऊन बसतो तो पिंगळा. गोल डोकं, त्यावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे, आणि चिरकी बडबड. काही घरांत त्याला अपशकुनी मानतात. तो उंदीर आणि किडे खातो. धान्याच्या गोदामांच्या या गावात त्याच्याइतका उपयोगी शेजारी नाही.

त्याच्याच कुळातला रानपिंगळा आपल्या जिल्ह्यातल्या खकनारच्या जंगलात आहे. १८७२ मध्ये ब्लेविट यांना मिळालेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे शंभराहून अधिक वर्षं तो कुणाला खात्रीनं दिसला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. नंतर मेळघाट, यावल आणि आपला हा पट्टा अशी त्याची ठिकाणं कळत गेली. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो, ही त्याची ओळख.

जगात दुर्मीळ ठरलेला हा पक्षी सागवानी जंगलातल्या ढोलीत राहतो, आणि ते जंगल आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्या मुलानं तारेवरचा पिंगळा नीट पाहिला नाही, त्याला रानपिंगळ्याबद्दल काय वाटणार? जंगल राखायची ओढ गल्लीतूनच सुरू होते. तारेवरच्याला दगड मारू नको, हा पहिला धडा.

लूमचं सूत

पॉवरलूमची खटखट या गावात दिवसरात्र असते. त्या आवाजात पक्षी कुठले टिकणार, असं पाहुणे विचारतात. पण लूमच्या मागच्या अंगणात शेवग्याला आणि पारिजातकाला शिंपी पक्ष्यांची घरटी असतात. एक-दोन पानं जवळ ओढून, त्यांना चोचीनं भोकं पाडून, त्यांतून धागा घालून शिंपी पिशवी शिवतो. इतरत्र तो कोळ्याचं जाळं, सावरीचा कापूस, झाडांचे तंतू वापरतो. इथे लूमच्या कचऱ्यातलं सूतही नेतो. आत मऊ कापसाचा थर, त्यावर इवलीशी अंडी.

लूमवर काम करणाऱ्या एका भाऊंनी त्या झाडाच्या फांदीवर लाल चिंधी बांधून ठेवली आहे, म्हणजे कुणी पाणी घालताना किंवा फुलं तोडताना तिथे हात घालणार नाही. पाटी नाही, समिती नाही. एक चिंधी आणि ‘वहाँ घर है’ एवढं सगळ्यांना सांगून ठेवणं. पण पॉलिस्टरचा चमकदार धागा मात्र उचलून बंद पोत्यात टाकायला हवा. पिल्लांच्या पायात तो अडकला तर सुटत नाही.

दरवाजातल्या पाकोळ्या

१७३१ मध्ये निजाम आसफजाहानं शहराभोवती तट बांधला. त्यातले काही दरवाजे अजून उभे आहेत. शनवारा दरवाजातून रोज सारं गाव ये-जा करतं. संध्याकाळी जुन्या कमानींशी मान वर करून थांबावं. पाकोळ्या किंचाळत घिरट्या घालत असतात. त्यांच्या पायांची चारही बोटं पुढे वळलेली, म्हणून त्यांना तारेवर किंवा फांदीवर बसता येत नाही. भिंतीला लटकता येतं, उडता येतं. हवेतली पिसं, काड्या उडता उडताच टिपायच्या, लाळेनं चिकटवायच्या आणि कमानीच्या वळचणीला घरटं करायचं. उडते किडे, डास हे त्यांचं अन्न. नव्या गुळगुळीत इमारतींत त्यांना धरायला जागाच नाही. दगडी कमान पडली की पाकोळीचं घर गेलं.

जुनी वास्तू राखणं आणि पक्षी राखणं ही इथे दोन कामं नाहीत. जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, शके १५११ चा. दुसऱ्याला आपल्या भिंतीत जागा देण्याची या शहराची रीत जुनी आहे. ती पाकोळ्यांपर्यंत पोचावी.

भिंतीतला पिंपळ

याच्या उलट बाजूचंही एक टिपण हवं. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी तटाच्या फटीत पडतं, रुजतं, आणि मूळ चुन्याच्या सांध्यात शिरतं. पहिल्या पावसाळ्यात ते दोन बोटांनी निघतं. पाच वर्षांनी काढायला गेलं तर दगड सोबत येतो. पंधरा वर्षांनी भिंत तरी जाते, नाही तर झाड तरी.

झाडावर माया आहे म्हणून ते कुठेही वाढू द्यायचं, ही माया अपुरी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूवर आपण हात घालायचा नाही, तिथल्या चौकीदाराला दाखवायचं आणि कळवायचं. पण स्वतःच्या घराच्या गच्चीवरचं, आडाच्या कठड्यावरचं, देवळाच्या शिखरावरचं रोप कोवळं असताना काढून डब्यात लावता येतं. पिंपळ चिवट आहे, जगतो. असे डब्यातले पिंपळ घाटाकडच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात गेले पाहिजेत, जिथे त्यांना शंभर वर्षं कुणी हलवणार नाही.

बुंधा

रस्त्याकडेला पेव्हर ब्लॉक बसवताना झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेतात. काम स्वच्छ दिसतं. पण मुळांना हवा लागते, आणि पावसाचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं. बुंधा आवळला की वरची फांदी वाळायला काही वर्षं लागतात. मग लोक म्हणतात, झाडाला कीड लागली. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता, की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. तो आदेश तिथला असला, तरी त्यामागचं कारण बऱ्हाणपूरच्या झाडालाही तेवढंच लागू आहे.

ठेकेदाराच्या माणसांना काम चालू असतानाच चहा द्यावा आणि एक मीटर सोडायला सांगावं. फरशी बसण्याआधी ते ऐकतात. बसल्यावर अर्ज लिहावे लागतात.

आणि खिळे. क्लासच्या, डॉक्टरच्या, भाड्याच्या खोलीच्या पाट्या झाडांवर ठोकलेल्या असतात. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या गटानं झाडं खिळेमुक्त करायची मोहीम चालवली, ती पुढे इतर शहरांत गेली. त्यासाठी पक्कड आणि रविवारची सकाळ पुरते. आधी पाटीवाल्याला सांगायचं, म्हणजे तो पुन्हा ठोकत नाही.

मे महिन्यातली छाटणी

वैशाख-ज्येष्ठात कावळे घरटी करतात, आणि कोकिळा त्यांत अंडी घालायला टपलेली असते. कावळा कोणत्या झाडावर, किती उंच घरटं करतो यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची लोकरीत आहे. मारुती चितमपल्ली यांनी अशा कितीतरी रीती लिहून ठेवल्या. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी २०२५ मध्ये गेला. त्यांचं लेखन शहरातल्या माणसानं वाचावं ते यासाठी, की जंगलात ज्या नजरेनं ते पाहत ती नजर खिडकीतूनही लावता येते.

त्याच मे महिन्यात पावसाळ्याआधी विजेच्या तारांवरच्या फांद्या छाटल्या जातात. ते काम जरुरीचं आहे. तार तुटली तर माणूस दगावतो. पण शिडी लावण्याआधी वर घरटं आहे का, एवढं पाहायला कुणी सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या काकू त्या दिवशी घराबाहेरच उभ्या राहतात आणि लाइनमनला घरटं दाखवतात. ‘‘ती फांदी तारेपासून लांब आहे भाऊ, तेवढी राहू दे. आषाढात काढ.’’ तो राहू देतो. त्याला माहीत नव्हतं, एवढंच. काम करणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नसतात. त्यांना वेळेवर कुणी दाखवत नाही.

पाण्याचं भांडं

उन्हाळ्यात इथला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. गच्चीवर मातीचं पसरट भांडं ठेवायचं, सावलीत, मांजराला झडप घालता येणार नाही असं. खोली दोन-तीन बोटं पुरे. मध्ये एक दगड ठेवला तर मधमाश्याही काठावर बसून पितात. पाणी रोज बदलायचं आणि भांडं आतून घासायचं. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात. शिळं पाणी पक्ष्यांनाही आजारी पाडतं. रोज घासणं जमणार नसेल तर भांडं न ठेवलेलं बरं.

२० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं तो २०१० पासून साजरा होतो. त्या दिवशी लोक दाणे टाकतात. पण चिमणीच्या पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडे लागतात. त्यासाठी मेंदीचं कुंपण, थोडं गवत, औषध न मारलेला एक कोपरा हवा.

कढीपत्त्यावरची अळी

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं तर झटकू नये. ती लिंबाळी फुलपाखराची लहान अळी असते. पक्ष्यांना फसवायला तिनं तो वेश घेतलेला असतो. मोठी झाली की हिरवी होते आणि पानांत मिसळते. पंधरा-वीस पानं खाते, मग कोष. झाडाचं काही बिघडत नाही. पालवी पुन्हा फुटते. मुलांना हे दाखवायला शाळेच्या प्रयोगशाळेची गरज नाही. फोडणीला पानं तोडताना आई दाखवू शकते.

तसंच रुईचं. मारुतीला शनिवारी पानांची माळ जाते, त्या झाडावर वाघ्या फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात. माळेसाठी पानं घ्यावीत, अळ्यांची फांदी सोडावी.

गाजरगवत आणि टाकळा

रेल्वेच्या कडेनं, पडीक प्लॉटवर, उतावली नदीच्या काठानं गाजरगवत माजलेलं असतं. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा ध्यानात आलं. बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. त्याच्या संपर्कानं कातडीला खाज येते, परागांनी दमा बळावतो. मेक्सिकोतला एक भुंगा १९८४ मध्ये त्याच्यावर सोडला गेला, तो पावसाळ्यात त्याची पानं खरवडतो. आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे फुलं यायच्या आत, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून ते मुळासकट उपटणं, आणि त्या जागी टाकळा येऊ देणं.

टाकळ्याचं बी शेंगा वाळल्यावर गोळा करून ठेवायचं आणि पहिल्या पावसाआधी फेकायचं. तो दाट उगवतो आणि गाजरगवताला जागा उरू देत नाही. कोवळा असताना भाजीही होते. नुसतं उपटून जागा उघडी सोडली तर पुढच्या वर्षी दुप्पट गवत येतं. काढलेल्या जागी काय येणार, हे ठरवूनच काढायचं.

राजघाट

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीची जयंती. नदीला चुनरी चढते, दिवे सोडले जातात. त्या दिवशी घाट झाडून लख्ख असतो. पाहण्यासारखी नदी मात्र उन्हाळ्यातही असते, जेव्हा खडक उघडे पडतात. टिटवी गोट्यांमध्येच अंडी घालते, रंग गोट्यांचाच. डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समजावं, पाऊल जपून टाकायचं. सप्टेंबर सरता सरता पांढरे धोबी पक्षी येतात आणि शेपटी हलवत काठानं फिरतात. हिवाळा कॅलेंडराआधी त्यांच्यामुळे कळतो.

मुलताईहून निघालेली ही नदी आपल्याकडून महाराष्ट्रात जाते, चांगदेवला पूर्णेला भेटते, आणि पुढे हतनूरच्या जलाशयात थांबते. तिथे हिवाळ्यात दूरदूरचे पाणपक्षी उतरतात; पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या स्थळांत त्याची गणना आहे. सतियारा घाटावर, नागझिरीला, राजघाटाला आपण जे सोडतो ते चांगदेवच्या संगमावर पोचतं. निर्माल्य घाटावरच्या खड्ड्यात, मूर्ती शाडूची किंवा घरच्या बादलीत, कपडे धुतल्याचा साबण पात्रापासून दूर. मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्यांना हे पटवायला अवघड जाऊ नये.

मांजा

संक्रांतीचे पतंग उतरले की मांजा झाडांत राहतो. नायलॉनच्या आणि काचेच्या मांजावर हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली; तरी तो येतो. फांदीत अडकलेला मांजा महिनोन्‌महिने पंख कापत राहतो, घारीचे, बगळ्यांचे, वटवाघळांचे. संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलांनीच लांब काठीला आकडा बांधून तो काढावा आणि गुंडाळून कापून टाकावा. पतंग उडवणाऱ्या हातांनीच हे केलं की पुढच्या वर्षी ती मुलं दुकानात साधा दोरा मागतात.

नळ आला, आड राहिले

जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. गावोगावच्या एक लाखाहून अधिक घरांत नळ पोचला. डोक्यावर हंडे वाहिलेल्या बायकांना याचं मोल विचारावं. ही मोठी गोष्ट आहे, तिचा अभिमान वाटतो.

पण नळ आला की आडाकडे पाहणं थांबतं. वाड्यांतले आड झाकले गेले, काहींत कचरा गेला. नळाचं पाणीही अखेर नदीतून किंवा जमिनीतूनच येतं. आडातली पातळी पाहिली तर जमिनीखाली काय चाललंय ते घरबसल्या कळतं. आड गाळ काढून, जाळी बसवून ठेवला आणि गच्चीचं पाणी गाळून त्यात सोडलं, तर अब्दुर्रहीमच्या काळचा उतार अजून आपलं काम करायला तयार आहे.

गल्लीची यादी

शहरी भागातलं झाड तोडायला परवानगी लागते. मध्य प्रदेशात २००१ पासून त्यासाठी कायदा आहे. पण झाड तुटल्यावर नगर निगमात जाऊन ‘इथे झाड होतं’ म्हणण्यापेक्षा ‘इथे झाड आहे’ हे आधी लिहिलेलं असलं तर बोलणं वजनदार होतं. म्हणून गल्लीची यादी करायला घेतली आहे. झाडाचं नाव, जागा, बुंध्याचा घेर, ढोली आहे का, कुणाचं घरटं आहे, पूजा होते का, खिळे किती, सिमेंट किती. आड कुठे, त्यांत पाणी किती. शेवटच्या रकान्यात राखणाऱ्याचं नाव.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळचे पक्षी मोजले जातात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणून. पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी लिहायचे. त्यात शाळेची मुलं बसली तर यादीत पक्ष्यांचा रकानाही भरेल, आणि दरवर्षी ताडून पाहता येईल.

पावसाळ्यात रोपं वाटली जातील. ती घ्यावीत, लावावीत. पण त्याआधी उभ्या झाडांना माणसं मिळायला हवीत, कारण रोपाला सावली व्हायला पंचवीस वर्षं लागतात आणि उभं झाड दुपारभरात आडवं होतं. यादी देवळाच्या फळ्यावर लावली आहे. नाक्यावरच्या कडुनिंबासमोर चहावाल्या दादांनी स्वतःहून नाव लिहिलं, वडासमोर काकूंनी. चिंचेसमोर दोन नावं आली, एक मराठीत आणि एक उर्दूत. उरलेल्या ओळी आपण सगळ्यांनी भरायच्या आहेत, मृग लागायच्या आत.